राखीव गोलकीपर

८ सप्टेंबर, सोमवार
फुटबॉलची यादी बोर्डावर लावली. अठरा मुली. लावून लगेच क्रीडा विभागात येऊन बसले. यादी वाचणाऱ्यांचे चेहरे वाचत उभं राहायची सवय मोडायची आहे. तरी खिडकीतून पाहिलंच.
गोलकीपर: अल्फिया. राखीव गोलकीपर: मैत्री.
मैत्रीनं यादी वरून खाली वाचली, मग परत खालून वर. दारात येऊन म्हणाली, "थँक यू, मॅडम." कॉलेजच्या फाटकाच्या आत मी मॅडम, आई नाही, हा नियम माझाच. तिनं इथे बी.ए.ला प्रवेश घेतला त्या दिवशी घातलेला. पण आज घरी जेवतानाही तेच: "मॅडम, वरणात मीठ राहिलं वाटतं." तिचा बाबा, अनिल, हसला. मला हसता आलं नाही. मीठ खरंच राहिलं होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार
सराव ६ ते ८. पहिली वीस मिनिटं मैदानावरचे खडे वेचण्यात गेली. फ्रान्सिस सरांचे गुडघे दुखत होते म्हणून खुर्ची टाकून बसले आणि खुर्चीवरूनच कोचिंग. उभी हयात रेल्वेच्या टीमकडून खेळलेला माणूस, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचा. "पोट्टेहो, बॉलच्या मांगं काहून धावता? बॉल कुठं जाऊन राहिला ते पहा आधी!" मुलींनाही पोट्टेहो. मी एकदा हरकत घेतली होती, तर मुलीच माझ्यावर रागावल्या.
संपल्यावर तिथेच पायरीवर बसून रजिस्टर भरलं. प्रत्येकीला दहापैकी गुण, रोज. त्या गुणांवरून टीम ठरते, हे सगळ्यांना माहीत आहे. फ्रा. सर रजिस्टरला हात लावत नाहीत. "तुमी लिवा मॅडम. मी पाहतो."

१२ सप्टेंबर, शुक्रवार
इथे तरी लिहावं.
रजिस्टरमध्ये मैत्रीच्या नावापुढे मी रोज अर्धा गुण कमी लिहिते. सात वाटले तर साडेसहा. आठ वाटले तर साडेसात. जुलैतल्या पहिल्या सरावापासून.
तीन वर्षांपूर्वी कबड्डीच्या निवडीनंतर प्राचार्यांकडे निनावी पत्र आलं होतं: 'मॅडम आपल्याच लोकांच्या मुली घेतात.' आपले लोक म्हणजे कोण, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. चौकशी झाली, काही निघालं नाही. निघालं नाही एवढं सांगायलाही दोन महिने लागले. तेव्हापासून हे रजिस्टर. आणि आता घरचीच मुलगी टीममध्ये. एक गुण कमी केला असता तर अन्याय झाला असता, अर्धा म्हणजे खबरदारी. असं मी मला सांगितलं.
अर्धा कमी करूनही ती पहिली आली असती तर काय केलं असतं? आली नाही. बरं वाटलं. हे 'बरं वाटलं' नीट तपासायला हवं.

२० सप्टेंबर, शनिवार
विद्यापीठ स्पर्धेत झोनचा पहिला सामना. ४–०! शिवानीचे तीन गोल, तिसरा तर तिचा तिलाच कळला नाही, मागे वळून विचारत होती, "गेला का वं?" अल्फियाकडे बॉल आलाच नाही. हाफ टाइमला म्हणते, "मॅडम, मले तर झोप येऊन राहिली."
फ्रा. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. स्वतः बिनसाखरेचा.
मै. बेंचवर. नंतर पाण्याच्या बाटल्या गोळा करत होती. राखीव खेळाडूंचंच काम आहे ते. तरी.

२७ सप्टेंबर, शनिवार
२–१. घाम काढला. शेवटची दहा मिनिटं बॉल आपल्याच अर्ध्यात. अल्फियाचे दोन फार सुंदर बचाव, दोन्ही जमिनीलगत, मांजरीसारखे. पहिला गोल मात्र उंच आला आणि तिच्या हातावरून गेला. मै. असती तर? ती चार बोटं उंच आहे.
हा विचार आईचा की मॅडमचा?

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी दीक्षाभूमीवर. आमची कर्णधार निकिता तिच्या वस्तीतल्या मंडळाबरोबर पाणी वाटत होती, डोक्याला निळी पट्टी, मैदानावर ओरडते तसंच ओरडत: "रांगेत या जी, सगळ्यायले भेटते!" तिची आई भेटली. "निकिता म्हंते, मॅडम लय कडक हायेत, पण खरं वागतात."
पाण्याचा ग्लास बराच वेळ हातात धरून उभी होते. मै.नं विचारलं, "पीत का नाहीस?"

८ ऑक्टोबर, बुधवार
प्राचार्यांना वार्षिक अहवालासाठी निवडीचं रजिस्टर टाइप करून हवंय. 'पारदर्शक निवडपद्धती' असं शीर्षक देणार आहेत. निकिता बी.कॉम.ची, एक्सेल चांगलं येतं. तिच्याकडे दिलं. देताना माझ्या डोक्यात काहीच आलं नाही, याचं आता आश्चर्य वाटतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
निकिता रजिस्टर परत घेऊन आली. टेबलावर ठेवलं, पण गेली नाही.
"मॅडम, सगळ्यायले पूर्ण आकडे. सहा, सात, आठ. मैत्रीलेच साडेसहा, साडेसात काहून जी?"
मी म्हणाले, "नजरचूक असेल."
"रोज?"
मी रजिस्टर खणात टाकलं. "हाव जी," म्हणून ती गेली.
तीन महिने, रोज, एकाच मुलीच्या बाबतीत नजरचूक. एकवीस वर्षांची मुलगी माझ्यासमोर खरं बोलत होती आणि मी पंचेचाळीस वर्षांची खोटं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
आज दार लावून बेरीज केली. अर्धा परत मिळवला तर मै. पहिली, अल्फिया दुसरी. थोड्याने, पण पहिली. म्हणजे माझ्याच नियमानं दोन्ही सामने तिनं खेळायला हवे होते.
आता काय? अल्फियानं काही वावगं केलेलं नाही. कामठीहून पहाटेच्या पहिल्या बसनं येते, एक दिवस खाडा नाही, दोन्ही सामन्यांत चांगली खेळली. तिला माझ्या चुकीपायी काढायचं? आणि काढायचं नाही, तर मग ते रजिस्टर कशाला मिरवायचं?
अनिलला सांगितलं. त्यानं पेपर खाली ठेवला. "तू तिची आई आहेस की चौकशी समिती?" मग गंभीरपणे: "तिला सांग."
नाही सांगितलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
३–०. झोन जिंकला! कॉलेज सुरू झाल्यापासून मुलींची टीम झोनच्या पुढे गेलेली नव्हती. मुलींनी फ्रा. सरांना खुर्चीसकट उचललं. "अबे पडंन ना मी, पोट्टेहो! गुडघे तं गेलेच, कंबर बी जाईन!" पण उतरायला तयार नव्हते.
मी पण ओरडले. घसा बसलाय. निकितानं मिठी मारली, मग आठवून जरा मागे सरकली. निदान मला तसं वाटलं.
जिंकतो आहोत तोवर कोणी विचारत नाही. मीही मला विचारत नाही. हे वाईट आहे, पण आज लिहायला नको.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळीची सुट्टी, मैदान रिकामं. मै. मात्र रोज जाते. आज तिला डबा द्यायला गेले आणि कुंपणाबाहेरच थांबले. फ्रा. सर खुर्चीवर, शिवानी कोपऱ्यातून उंच बॉल टाकतेय, मै. उडी मारून झेलतेय. एक, पुन्हा एक, पुन्हा. "डोये उघडे ठेव! बॉल तुले खात नाई!" मोजले नाहीत, पण चाळीसच्या वर असावेत. कोपरं सोललेली.
रजिस्टरची वही बरोबर नव्हती. आठ दिले असते. आठ. साडेसात नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मुख्य फेरीतला पहिला सामना, उपउपांत्य. १–१, मग पेनल्टी. अल्फियानं दोन अडवल्या! दुसरी तर पायानं. समोरची मुलगी डोकं धरून खालीच बसली. अल्फिया पळत जाऊन आधी तिला उठवून आली, मग आमच्याकडे नाचत आली. ही मुलगी मला फार आवडते. हे पण लिहून ठेवते, कारण पुढे जे काही करीन ते तिच्या विरोधात वाटू नये, निदान मला.
उपांत्य फेरीत! उपांत्य!


१० नोव्हेंबर, सोमवार
प्राचार्यांनी अहवालाचा मसुदा दाखवला. 'प्रत्येक खेळाडूचे दैनंदिन, निःपक्षपाती गुणांकन.' खाली माझ्या सहीसाठी जागा. म्हटलं, उद्या करते.
उद्या मुलींना सांगायचं. ठरवून टाकलं. सांगितल्यावर काय होईल याचा विचार केला तर सांगणार नाही, म्हणून तो विचार करायचा नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं.
सराव झाल्यावर सगळ्यांना गोल करून बसवलं. वाक्यं आधी पाठ केली होती, एकही आठवलं नाही. म्हणाले, "मैत्री माझी मुलगी आहे म्हणून मी रोज तिला अर्धा गुण कमी दिला. तो धरला तर गोलकीपर म्हणून ती पहिली येते आणि अल्फिया दुसरी. माझी चूक आहे. अल्फियाची नाही, मैत्रीची नाही."
अल्फिया माझ्याकडे बघत राहिली, मग मैत्रीकडे.
"म्हंजे मॅडम, चार मॅच मी हिच्या जागेवर उभी होती?"
"हो."
"पन गोल तर मीच अडवले ना! ते तर हिनं नाई अडवले?" आणि हसायला लागली. तिच्या हसण्यानं बाकीच्याही हसल्या, पण तिचे डोळे हसत नव्हते. मी पाहिलं.
निकिता म्हणाली, "मॅडम, तुमी सांगाच्या आधीच आमाले मालूम होतं. टाइप कोनं केलं?"
सगळ्यांना माहीत होतं. महिनाभर. मैत्रीलाही.
फ्रा. सर खुर्चीवरून इतकंच बोलले, "झालं? आता बॉल कोन भरून राहिलं? हवा गेली त्याच्यातली."

तोच दिवस, संध्याकाळी
मै. भाजी निवडत होती. मी विचारलं, माहीत होतं तर बोलली का नाहीस?
"तू किती दिवसांत सांगतेस ते बघत होते."
"आणि?"
"बत्तीस." मेथीची काडी मोडून बाजूला टाकली. "मला वाटलं होतं, सीझन संपल्यावर सांगशील. त्या मानानं लवकर."
रागावली असती तर सोपं गेलं असतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
उद्या उपांत्य सामना, वर्ध्याच्या टीमशी, आमच्याच मैदानावर. मी फ्रा. सरांना लेखी दिलं की गोलकीपर कोण, हे तुम्ही ठरवायचं आणि मला विचारायचं नाही. त्यांनी चिठ्ठी न वाचता खिशात घातली. "वर्ध्याच्या पोट्ट्या कॉर्नर लय उंच टाकतात. लंबी पोट्टी पायजे. मैत्री खेळंन." मग अल्फियाकडे बघून, "काय गा, नाराज?" ('गा' खरं तर पोरांना म्हणायचं; लाडात आले की अल्फियालाही म्हणतात.)
अल्फिया: "मी तिले बाहेरून सांगत राहीन सर, बेंचवरून. मालूम आहे ना, माझा आवाज."
खरंच उंचीमुळे? की माझी चूक त्यांच्या परीनं फेडताहेत? विचारायचं नाही असं मीच लिहून दिलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
१–०. फायनलमध्ये! फायनलमध्ये!!
घरी येऊन लगेच लिहायला बसले.
पहिल्या मिनिटाला मै.च्या हातातून बॉल सुटला. साधा बॉल. गोलरेषेवर जाऊन थांबला आणि निकितानं उडवून लावला. माझ्या हातात खेळाडूंची यादी होती, ती नंतर बघितली तर चुरगळून गोळा झालेली. सामनाधिकाऱ्यांनी त्यावरच सही घेतली.
त्यानंतर कॉर्नर. एकामागून एक, सगळे उंच, पोस्टवर. आणि बेंचवर उभी राहून अल्फिया: "निकल! बाहेर निकल वं मैत्री! तुझाच आहे तो!" आणि मै. निघाली. वर्ध्याच्या दोघींच्या डोक्यांवरून बॉल उचलून छातीशी घेतला. पुढचा पण. त्याच्या पुढचा पण. सातव्या-आठव्या कॉर्नरनंतर वर्ध्याच्या मुली कॉर्नर छोटा खेळायला लागल्या. फ्रा. सर मांडीवर थाप मारून, "भेल्या! भेल्या त्या!"
शिवानीचा गोल सत्तराव्या मिनिटाला. तो मी पाहिला नाही. मी आमच्या गोलकडे बघत होते.
शिटी झाली तशी सगळ्यात आधी पळाली ती अल्फिया. दोघी एकमेकींवर पडल्या, वर बाकीच्या. मी मागेच राहिले. मग त्या ढिगाऱ्यातून मै.चा आवाज आला, "आई, पाणी!"
फाटकाच्या आत. भर मैदानात. मी पाणी घेऊन पळाले.

१६ नोव्हेंबर, रविवार
२–१. जिंकलो.
जिंकलो, जिंकलो, जिंकलो. आज एवढंच लिहिता येतंय. बाकी उद्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नीट लिहून ठेवते.
समोर सदर भागातलं कॉलेज. गेली काही वर्षं ट्रॉफी त्यांच्याकडेच, त्यांच्या बेंचवर आमच्या टीमपेक्षा जास्त बूट. फ्रा. सरांनी सकाळी सांगितलं, "हे जमिनीवरून खेळतात. अल्फिया." मै. म्हणाली, "यस सर," आणि बॉल हातातून निसटू नये म्हणून अल्फियाचे ग्लोव्ह्ज स्वतः ओले करून दिले. खोटं वाटलं नाही. मी तिच्या चेहऱ्यात खोटं शोधत होते, हेही लिहायला हवं.
बाविसाव्या मिनिटाला त्यांचा गोल. त्यांच्याकडचे प्रेक्षक, "जाऊ द्या वं, पोहे खायले जा आता!" शिवानीनं तिथल्या तिथे ऐकवलं, "तुमीच ऑर्डर द्या, बिल तुमालेच भराचं आहे!" हाफ टाइमच्या आधी तिनंच बरोबरी केली. दुसरा अर्धा संपत आला तरी १–१च. शेवटी शेवटी फ्री किक मिळाली, तीस पावलांवरून. निकितानं बॉल ठेवला, मागे गेली, भिंतीकडे बघितलं, भिंतीच्या बाजूनं मारला. आत.
आणि अगदी शेवटी, जादा वेळेत, त्यांची पुढची मुलगी एकटी आत आली. अल्फिया पुढे सरकली, आडवी झाली, बॉल तिच्या पोटरीला लागून बाहेर. जमिनीलगत. तिचाच बॉल होता तो. मै. बेंचवरून इतकी जोरात ओरडली की पंच वळून बघायला लागले.
टेम्पोतून परतलो, ढोल कुठून आला माहीत नाही. सक्करदऱ्याच्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मुली खाली उतरून नाचत होत्या, वाहतूक पोलिसानं हसून दुसरी बाजू सोडली. प्राचार्य सूट-बुटात फाटकावर. ट्रॉफी हातात घेतल्यावर त्यांनी दोन पावलं नाचून दाखवली, दोन्ही चुकीची. सगळ्यांना कोथिंबीर ठासून भरलेली गरम सांबारवडी. फ्रा. सरांनी तीन खाल्ल्या आणि डोळे पुसले. "मिरची जास्त आहे," म्हणे.
प्राचार्यांना अहवालातलं ते वाक्य काढायला सांगितलं. का, ते पण सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "बरं," म्हणाले. "टीम जिंकली हे राहू दे ना?" ते राहू द्या म्हटलं.
इतका आनंद मला झेपत नाही. असू दे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मै. स्कूटरवर मागे बसलेली. जरीपटक्याच्या बाजारातून येत होतो, गर्दी, हळू चाललेलो. एकदम म्हणाली, "आई, सेमीला मला का घेतलं?"
"कॉर्नर उंच यायचे म्हणून."
"हे सर म्हणाले. तू काय म्हणतेस?"
मी खरं सांगितलं. मला माहीत नाही, मी विचारलं नाही.
"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "सात कॉर्नर झेलले तरी माहीत नाही. बेंचवर बसले तेव्हा तुझ्यामुळे की माझ्यामुळे, ते माहीत नाही. उभी राहिले तेव्हाही नाही."
हॉर्न वाजत होते. पुढे काय बोलली ते ऐकू आलं नाही, आणि मी परत विचारलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
फ्रा. सरांना विचारलंच. चिठ्ठी लिहून दिली होती तरी. "सर, खरं सांगा, उंचीमुळे घेतलं की..."
गुडघा चोळत म्हणाले, "मॅडम, मी तिले दिवाळीत रोज पाह्यलं. अन् अल्फियाले बी पाह्यलं. अन् तुमाले बी पाह्यलं, त्या दिवशी, सगळ्या पोट्ट्यांच्या समोर. कोन्त्यानं किती, ते मले नाई सांगता येत." मग, "तुमच्यासारकं लिवून ठेवलं असतं तं सांगतलं असतं."
एवढ्यावर काय करायचं?

२६ नोव्हेंबर, बुधवार
सदरच्या कॉलेजच्या कोचनं मै.ला बोलावलं होतं. त्यांची गोलकीपर यंदा पास होऊन जातेय. पुढच्या वर्षी तिकडे प्रवेश घ्यायचा, आत्ताच आपल्या कॉलेजची ना-हरकत लागेल.
मला तिनं जेवायला वाढताना सांगितलं. अनिलला आधीच माहीत होतं, हे त्याच्या मान खाली घालण्यावरून कळलं.
"ज्यांना हरवलं त्यांच्याकडे?" हे माझं पहिलं वाक्य. याची लाज वाटते.
"तिथे मी कुणाची मुलगी नाही. तिथे बेंचवर बसले ना, तर निदान कळेल की मी कमी पडले."
"आणि इथे?"
"इथे दोघी आहोत, आई. अल्फिया आणि मी. दोघी चांगल्या आहोत. आणि तू आहेस." रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. "चिडून जात नाहीये. खरंच."
मुलींना सांगितलंय तिनं. निकिता म्हणे, "जा वं, पन आमच्याशी खेळाले येशील तं तुले गोल मारनारच!" अल्फिया दोन दिवस बोलली नाही, मग काल तिला आपले जुने ग्लोव्ह्ज दिले. "घे. शकुनाचे आहेत. अन् घासून धुवून घे, वास येते."

२९ नोव्हेंबर, शनिवार
ना-हरकतीचा फॉर्म टेबलावर आहे. एकच पान. खाली दोन सह्या: पालक, आणि क्रीडा संचालक. दोन्ही माझ्या.
पालकाची सही सकाळीच केली. एका झटक्यात झाली. ती जे म्हणतेय ते खरं आहे, आणि ते मीच घडवलंय, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.
दुसरीवर अडले आहे.
आज सरावाला गेले होते. रजिस्टर घरी ठेवून. पहिल्यांदाच नुसतं पाहिलं. शिवानी कॉर्नर टाकत होती, दोन्ही गोलकीपर आळीपाळीनं उभ्या. आणि मी ज्या नजरेनं अठरा वर्षं कबड्डीच्या, ॲथलेटिक्सच्या, खोखोच्या मुली पाहिल्या, त्या नजरेनं मैत्रीकडे पाहिलं. कमी-जास्त काही न करता. पुढच्या वर्षी अल्फिया आणि ती दोघी असतील तर ही टीम विद्यापीठाबाहेरही जाऊ शकते. असा खेळाडू कोणताही क्रीडा संचालक सोडणार नाही. मी सोडणार नाही. आणि अडवला, तर पहिल्यांदाच मी तिला तिचे पूर्ण गुण दिले असं होईल. सोडला, तर मी मुलीसाठी कॉलेजचं नुकसान केलं. तीन वर्षांपूर्वीचं ते पत्र पहिल्यांदाच खरं ठरेल.
मै. आत्ता आत येऊन गेली. फॉर्मकडे पाहिलं. एक सही झालेली, एक रिकामी. बूट काढून ओसरीत ठेवले, आणि उद्या रविवार असूनही सराव आहे का, एवढंच विचारलं.
आहे, म्हटलं. सहाला.